तिरकी चिकटलेली चिठ्ठी

"काका, असाल तसे या! आत्याच्या कोंबडीची टोपली कुणीतरी बदललीय!"

आत्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा पारखीकाकांच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच ठेवून ते निघाले. कुठली कोंबडी, हे विचारायची गरजच नव्हती. टोपलीवर बसलेली दुधी काचेची कोंबडी, म्हणजे कोंबडी हे झाकण आणि टोपली हा खालचा डबा. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच ती पारखली होती. 'दोन्ही भाग अस्सल जुने' असा दाखला त्यांच्याच सहीने दिला होता.

आत्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना सांभाळणारी मावशी दारापाशी पिशवी भरून उभी होती.

"जुन्या वस्तूंचा व्यापारी काल म्हणाला, कोंबडी जुनी पण टोपली नवी," भाचा तावातावाने सांगू लागला. "हिच्या हातून फुटली असणार आणि हिने गुपचूप दुसरी आणून ठेवली. हिला पाठवणाऱ्या एजन्सीला कळवलंय मी. आज दुपारी हिचं नाव कापतायत."

काका मावशीकडे वळले.

"किती वर्षं झाली इथे?"

"नऊ."

"टोपली कधी धुतलीत?"

"कधीच नाही. वरून धूळ पुसते. आत आत्यांची बटणं असतात, बटणांना हात लावलेला त्यांना खपत नाही."

"पडली, आपटली?"

"नाही हो काका! एजन्सीतून नाव गेलं तर मला कोण दारात उभं करणार? खोलीसुद्धा नाही मला. राहते ती इथेच."

काकांना वाईट वाटलं, पण एवढ्याने ते विरघळणारे नव्हते.

"माझी बटणं सांडू नका," आत्या पुटपुटल्या. हे वाक्य पूर्वी कुठेतरी ऐकलंय, असं काकांना उगाच वाटून गेलं.

बटणं आत्यांच्या ओटीत ओतून काकांनी कोंबडी उन्हात धरली. तिच्या कडेला निखाऱ्यासारखी तांबूस झाक उमटली. जुनी दुधी काच अशी पेटते. मग टोपली धरली. मख्ख पांढरी. बुडावर भिंग लावलं तर सगळे ओरखडे एकाच दिशेने गेलेले. वापरून झिजलेल्या बुडावर ते वाटेल तसे पडतात. नवं ते जुनं भासवायला केलेलं हे सँडपेपरचं काम होतं.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" भाचा म्हणाला.

मावशीने पिशवी खाली ठेवली.

बुडाच्या मधोमध, पारखल्याची खूण म्हणून काकांनीच लावलेली, पिवळी पडलेली चिठ्ठी होती. अक्षर त्यांचंच. पण चिठ्ठी तिरकी होती, आणि काका चिठ्ठी कधी तिरकी चिकटवत नसत.

"चिठ्ठीचं काय घेऊन बसलात? जुनीवरची काढून हिच्यावर लावली असेल," भाचा म्हणाला.

काकांनी कोमट पाण्याचा फडका मागवला. चिठ्ठी भिजली आणि तुकड्या-तुकड्यांनी निघाली. एकही तुकडा पुन्हा लावण्याजोगा उरला नाही. काकांनी तिच्या खालची काच भिंगातून पाहिली.

"गुन्हेगार सापडला," ते म्हणाले.

"कोण?"

"मी."

काकांनी टोपली भाच्यापुढे धरली.

"ओरखडे चिठ्ठीखालूनही सलग गेलेत. चिठ्ठीवरून सँडपेपर फिरला असता तर कागद फाटला असता. म्हणजे ओरखडे आधीचे, चिठ्ठी नंतरची. आणि ती काढून पुन्हा लावता येत नाही, हे तुम्ही पाहिलंतच. बारा वर्षांपूर्वी हीच टोपली होती. तेव्हा मावशी या घरात आल्याही नव्हत्या. आत्या तेव्हाही म्हणाल्या होत्या, बटणं सांडू नका. मी झाकण उन्हात धरलं, खूश झालो आणि टोपली उलटी केलीच नाही. खालून हात घालून अंदाजाने चिठ्ठी लावली, म्हणून तिरकी लागली. मी, एरवी नाकाने कांदे सोलणारा!"

भाचा म्हणाला, "दाखला तुमचा अस्सल म्हणतो. टोपली हिने फोडली असली तरच एजन्सी भरपाई देणार. मी तक्रार मागे घेत नाही."

"अहो, बाईचं पोट आहे त्यावर!"

"मग दाखला देताना बघायचं होतं ना."

काकांनी तिथेच सगळं कागदावर लिहिलं, सही केली आणि मावशीला घेऊन एजन्सी गाठली.

टेबलामागच्या बाईंनी कागद दोनदा वाचला.

"काका, यात लिहिलंय की तुमचा आधीचा दाखला चुकीचा होता."

"हो."

"मग हा बरोबर कशावरून?"

काकांनी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी वही ओढली आणि मावशीच्या नावावर रेघ मारली.

बाहेर जिन्यात काका हात जोडून उभे राहिले. "मावशी, मला माफ..."

"राहू द्या काका," मावशी म्हणाली. तिने पिशवी खांद्याला अडकवली. "तुमच्याकडे त्या घरचा नंबर आहे ना? बटणं हातात असल्याशिवाय आत्या जेवत नाहीत. नवीन बाईला तेवढं सांगा."