चित्रातलं वृंदावन

"ईशू, माझ्या वतीनं त्या वृंदावनाला गडूभर पाणी घाल हं! आणि घालेपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही."

साताऱ्याला परत जाताना विमानतळावर शुभदाआत्या म्हणाली होती, आणि ईशानीनं पटकन "हो" म्हटलं होतं. आता परदेशातल्या फोरबर्ग गावच्या जुन्या बागेत कोपरापर्यंत चिखलात माखलेल्या ईशानीच्या कानात तेच शब्द घुमत होते. कारण वृंदावन होतं फक्त चित्रात!

पण चित्र काय होतं! गावच्या छोट्या संग्रहालयात ते पाहताना आत्या जागची हललीच नव्हती. बागेतून दिसणारं पांढरंशुभ्र घर, खिडक्यांच्या काचांत उतरलेले ढग, आणि वाटेच्या कडेला दगडी चौथऱ्यावर झुडपाची कुंडी. "अगंबाई, दारात वृंदावन!" म्हणून आत्यानं हातच जोडले. तिनं इथं कुंडीत लावलेली तुळस थंडीनं गेली होती. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय न जेवणाऱ्या आत्याला ते फार लागलं होतं.

चित्रातलं घर अजून दिमाखात उभं होतं. त्याची बाग चित्राबरहुकूम पुन्हा सजवायची म्हणून सुट्टीत ईशानी, तिचा धाकटा भाऊ अंबरीश आणि मैत्रीण जुई मदतीला आले होते.

"संध्याकाळपर्यंत चौथऱ्याचा पाया सापडला तर ठीक," बागेचे प्रमुख मेनेर, म्हणजे इथले 'श्रीयुत', फिसर घाम पुसत म्हणाले. "नाहीतर कुंडीचा नाद सोडायचा. उद्या त्या डाव्या बाजूला खडी टाकून सायकली लावायची जागा करायची आहे."

"इथं गांडुळांशिवाय काही नाही!" अंबरीश वैतागला.

"गांडुळं तरी तुझ्यापेक्षा जास्त खणतात!" जुई म्हणाली.

ईशानी हसली नाही. ती बागेतल्या फलकाकडे टक लावून पाहत होती. त्यावर त्याच चित्राची मोठी प्रत होती. कुंडी वाटेच्या उजवीकडे.

"जुई, संग्रहालयात खिडकी चित्राच्या कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या. ऊन येतं ते फक्त त्या कडेवरच. का गं?"

"आत्या म्हणाली होती, 'बघ, खिडकीतलं ऊन नेमकं वृंदावनावर पडलंय!' मग कुंडी उजवीकडे कशी?"

"एख्त? खरंच?" अंबरीशनं फावडं टाकलं. "चला!"

तिघांनी सायकली दामटल्या. संग्रहालयात पोचून पाहतात तो काय, कुंडी डावीकडे! जुईनं फोटो काढला आणि सायकली पुन्हा बागेकडे वळल्या.

मेनेर फिसरांनी फोटो पाहिला, फलक पाहिला, आणि डोकं खाजवलं. "फलक कुणी केला?"

सगळ्यांनी ईशानीच्या बाबांकडे पाहिलं. आयटीतले बाबा शनिवारी हौसेनं इथं मदतीला येत.

"अं... डावीकडे मजकूर बसेना," बाबा चाचरत म्हणाले. "म्हणून चित्र जरा आरशातल्यासारखं उलटं फिरवलं. घर दोन्हीकडून सारखंच तर आहे!"

"बाबा!!"

"कोण एवढं बघतंय, असं वाटलं रे!"

"आत्या बघते!" अंबरीश ओरडला.

डावीकडे, जिथं उद्या खडी पडणार होती तिथंच, मेनेर फिसरांनी लोखंडी सळई मातीत घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा... टक्! मग सगळेच तुटून पडले. बाबा तर सर्वांत पुढे! मातीखालून चौकोनी दगडी पाया वर आला, कडेला कोरलेल्या पानांसकट.

"इतके दिवस आम्ही मोठी माणसं फलक बघत राहिलो," मेनेर फिसर म्हणाले, "तुम्ही चित्र पाहिलंत. शाब्बास!" त्यांनी तिघांच्याही चिखलानं भरलेल्या हातांशी हात मिळवले. बाबांनी ईशानीला जवळ घेतलं. "तुझ्या आत्याला माझं नाव सांगू नकोस हं!"

"कधीच कळवलं!" जुईनं मोबाइल नाचवला.

उजेड होता तोवरच त्या पायावर कुंडी चढली, चित्रातल्यासारखं झुडूप लागलं. खडीच्या ट्रकला दुसरी जागा दाखवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली, "ईशू, दूध तरी पिऊन जा गं!"

"आल्यावर, आई."

आत्यानं ठेवून दिलेला तांब्याचा गडू तिनं ओढणीत गुंडाळला, पाण्याची बाटली भरली, आणि घंटी न वाजवता सायकल बागेच्या रस्त्याला लावली.