न दिलेला चेहरा

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते अपोस्तोलकाका, माझ्या बायकोचे सख्खे काका. त्यांनी मला ती दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा तपशिलात एका अक्षराचाही फरक पडला नाही.

१९९१ चा ऑक्टोबर. संत दिमितरच्या सणाचा आठवडा. ठिकाण, ऱ्होडोपीच्या डोंगरातलं आमचं ब्रेझे गाव. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

काकांचा चौकात फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, नवऱ्या मुली, शाळेचे वर्ग, बाप्तिस्मे. आणि निधनपत्रकं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेलं पत्रक दारावर, खांबावर, बसथांब्यावर लागतं. मग चाळीस दिवसांनी पुन्हा. सहा महिन्यांनी पुन्हा. दरवर्षी पुन्हा. गावातला प्रत्येक मेलेला माणूस काकांच्या हातून जायचा.

त्यांचं एक मत होतं, आणि ते चारचौघांत ऐकवायचे.

"कॅमेरा समोर धरला की माणूस खोटं बोलतो. पोट आत घेतो, ओठ मुडपतो. खरा चेहरा हवा असेल तर त्याला कळू न देता काढावा."

गावात एकच माणूस असा होता, ज्याचा चेहरा त्यांना कधी मिळाला नव्हता. ग्रोझ्दा आजी.

ही म्हातारी लग्नात फोटो काढायची वेळ आली की उठून जायची. ओळखपत्राच्या फोटोसाठी तिला शहरात दोन माणसांनी धरून बसवलं होतं, म्हणतात. आणि चेहरा असा, की काकांची बोटं शिवशिवायची. उन्हात तडकलेल्या जमिनीसारखा.

त्या ऑगस्टमध्ये आजी कारंज्याजवळच्या बाकावर घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. काकांनी दुकानाच्या खिडकीआडून लांबची लेन्स लावली.

खट्.

तिला कळलंही नाही. फोटो असा उतरला की काकांनी तो मोठा करून थेट दुकानाच्या काचेत लावला.

तिसऱ्या दिवशी आजी दारात उभी.

"काढ तो."

"अगं आजी, सगळं गाव थांबून बघतंय. राणी दिसतेस राणी!"

"मी दिला होता का तुला?"

"काय?"

"माझा चेहरा. मी दिला होता का, मेल्या?"

काका हसले. "चेहऱ्याला काय कुलूप असतं का, आजी?"

म्हातारी हसली नाही. ती काचेवर थुंकली आणि गेली. काकांनी काच पुसली. फोटो तसाच ठेवला.

ऑक्टोबरात आजी गेली.

तिचा मोठा मुलगा असेन दुकानात आला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "पत्रकासाठी फोटो नाही रे आमच्याकडे. ओळखपत्रावरचा पार पुसलाय. तुझ्याकडचा तो... पण आई असती तर ओरडली असती."

"आता कोण ओरडतंय?" काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ग्रोझ्दा आजीचा चेहरा गावातल्या प्रत्येक खांबावर होता.

दफन झालं. त्यानंतरचा तिसरा दिवस.

दुपारचे बारा वाजून गेले होते. काका डार्करूममध्ये एका लग्नाचे फोटो धूत होते. बाहेर स्टुडिओत कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर होता, आणि त्याच्यासमोर गिऱ्हाइकाला बसायचं गोल फिरणारं स्टूल. त्या स्टुलावर कोणी बसलं की ते कुरकुरायचं.

स्टूल कुरकुरलं.

"आलो! बसा दोन मिनिटं," काका आतून ओरडले.



हात पुसत ते बाहेर आले...

कोणी नव्हतं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. दार उघडलं की वाजणारी घंटा वाजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, पुन्हा तेच. कुर्रर्र... या वेळी काका धावतच बाहेर आले. स्टूल रिकामं. पण ते हळूहळू फिरत होतं. फिरत फिरत डार्करूमच्या दाराकडे तोंड करून थांबलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला आतून कडी घातली.

स्टूल कुरकुरलं.

मग शांतता.

आणि मग...

खट्.

तीस वर्षं ऐकलेला आवाज. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. काका बाहेर आले तेव्हा कडी जशीच्या तशी होती. कॅमेऱ्यातला रोल मात्र संपला होता.

त्यांनी तो रोल लगेच धुतला. आधी शाळेतल्या मुलांचे फोटो होते. शेवटचे चार काकांनी काढलेले नव्हते.

पहिल्यात स्टुडिओ होता. स्टुलावरून बघितल्यासारखा. समोर तिकाटणं, आणि तिकाटण्यावर कॅमेरा.

तोच कॅमेरा, ज्यात हा रोल होता.

दुसऱ्यात काका स्वतःच्या स्वयंपाकघरात वाडग्यावर वाकून शेंगांचं सूप पीत होते. हनुवटीवर ओघळ. तिसऱ्यात ते दुकानाच्या मागे, पँटची बटणं लावताना. चौथ्यात दुपारी खुर्चीत झोपलेले. तोंड उघडं, दातांची कवळी सैल झालेली.

एकाही फोटोत त्यांना कळलेलं नव्हतं.

सेव्दाकाकूने फोटो पाहिले आणि ती भडकली. "कोण आहे हा हरामखोर? आपल्या घरात शिरून..."

काकांनाही तसंच वाटलं. ते चारही फोटो घेऊन तडक असेनच्या अंगणात गेले. असेन लाकडं फोडत होता. त्यांना बघूनही त्याने कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"आईच्या फोटोचा सूड घेता काय रे? दुकानात कोण शिरलं? तू की तुझा भाऊ?"

असेनने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि फोटो एकेक करून पाहिले. बराच वेळ. मग परत दिले.

"बापजन्मी मी कॅमेरा हातात धरलेला नाही," तो म्हणाला. "आणि भाऊ दफन झाल्याच्या रात्रीच सोफियाला गेला. तू एक कर, अपोस्तोल. ती पत्रकं काढ."

"मेलेल्याचं पत्रक फाडू? लोक मला जोड्याने मारतील."

"मग मार खा."

काकांनी मार नाही, पण शिव्या पोटभर खाल्ल्या. खांबाखांबाला जाऊन ते आजीचा चेहरा ओरबाडत होते आणि गाव बघत होतं. बेकरीतली बाई ओरडली, "लाज वाटत नाही? चाळीस दिवस तरी होऊ दे तिचे!" पोरांनी खडे मारले. पाद्री रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

शेवटचं पत्रक चर्चमागच्या बोळात होतं, एका आंधळ्या भिंतीवर. ना दार, ना खिडकी. बोळ इतका अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. तिथे त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. कॅमेरा दुकानात कुलपात होता. पत्रक फाडता फाडता त्यांना मानेवर श्वास जाणवला... गार, शेंगांच्या सालींसारखा वास असलेला.

त्यांनी वळून बघितलं.

कोणी नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी मूळ निगेटिव्ह चुलीत टाकली. काचेतला फोटोही टाकला.

दुसऱ्या दिवशी स्टूल कुरकुरलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. सुटलो, असं काकांना वाटलं.

त्या आठवड्यात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, तरी कॅमेऱ्यातला नवा रोल एका फोटोने पुढे सरकलेला दिसला, म्हणून त्यांनी तो धुतला. त्यावर एकच चित्र होतं.

बोळ. मागे आंधळी भिंत. अर्धं फाटलेलं पत्रक मुठीत. आणि वळून बघणारा काकांचा चेहरा, इतका जवळून की डोळ्यांखालची प्रत्येक सुरकुती मोजता यावी. वीतभर अंतरावरून काढलेला.

त्या दिवसानंतर काकांनी न विचारता कोणाचा फोटो काढला नाही. सहा महिन्यांनी स्टुडिओच बंद केला आणि लाकडाच्या वखारीत नोकरी धरली. कोणी फोटोसाठी कॅमेरा वर केला की ते चेहरा हाताने झाकायचे. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत.

२००९ च्या फेब्रुवारीत काका गेले.

पत्रकासाठी फोटो शोधायला आम्ही सगळे बसलो. कपाटं, पेट्या, अल्बम. हजारो चेहरे निघाले, पण ओळखपत्रावरचा पुसट तुकडा सोडला तर त्यांचा एकही नाही. आयुष्यभर ते कॅमेऱ्याच्या मागेच उभे होते.

शेवटी सेव्दाकाकूने एक पत्र्याचा डबा आणला. त्यात एकच फोटो होता.

"हा नको," मी म्हणालो.

"दुसरा कुठला आहे?" काकू म्हणाली.

पत्रकं मीच चिकटवली. दारावर, खांबांवर, बसथांब्यावर. लोक थांबून बघत होते. "काय जिवंत फोटो आहे! कोणी काढला?" बेकरीतल्या बाईनेही विचारलं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

कारंज्याजवळच्या खांबाशी काठी टेकत असेन आला. फार थकला होता. त्याने टोपी काढली आणि पत्रकासमोर बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, प्रार्थना करतोय.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"आईने चांगला काढलाय."

टोपी घातली आणि निघून गेला.