ताण सुटल्यावर

कारापूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. लवचीक कापड चौकटीवर ताणून बसवायचं, थ्रीडी प्रिंटरने त्यावर प्लास्टिकच्या रेषा काढायच्या, मग कापड कापून मोकळं करायचं. ताण सुटला की ते आपोआप वळून आकार घेतं. आम्ही त्याचे गुडघ्याचे पट्टे करतो. रेषा मी आखते, कडा जानकी शिवते.

जानकीचा नवरा भिकाजी खाणीवर कामाला होता. गेल्या पावसात डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगराएवढा ढीग, घसरला, त्या दिवसापासून तो बेपत्ता. तिथले कंत्राटदार गोकुळदास, म्हणजे माझे सासरे, पोलिसांना म्हणाले, "दारू पिऊन खंय तरी पळालो असतलो." डंप कोणी उकरला नाही. मी जेवताना त्यांच्याशी भांडले. माझा नवरा प्रज्योत मान खाली घालून भात कालवत राहिला.

परवा एका पट्ट्याने गुडघ्याचा आकार घेतलाच नाही. कापताच कापड आक्रसलं, वळलं आणि त्याचा पंजा झाला. करंगळी अर्धीच. मी फाइल तपासली, ताण पाहिला, प्रिंटरचं तापमान पाहिलं. सगळं ठीक होतं. दुसरं कापड लावलं. पुन्हा तोच पंजा.

जानकीने त्यात आपला हात घातला.

"वहिनी, ह्यो हात तेंचो. करंगळी खाणीर तुटलेली."

प्रज्योतने वडिलांना फोन केला. ते आले, पण दारातच थांबले. पंजा त्यांनी तिथूनच पाहिला.

"जाळून टाक ता. आनी हिका कामावरून काढ."

माझं डोकं फिरलं. "हात ओळखलात ना? मग डंप उकरा!"

"तोंड सांभाळ, गौरवी."

नुकतीच छापून झालेली मोठी चौकट मी ओढत त्यांच्यासमोर नेली आणि कात्री चालवली.

कापड आक्रसलं. कपाळ वर आलं. मिटलेले डोळे. उघडं तोंड.

जानकी वाकून पाहत राहिली.

"हे ते न्हय," ती हळूच म्हणाली. "ह्यो कोण?"

मी त्याला ओळखत नव्हते. प्रज्योतही नाही.

सासऱ्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"बाबली," ते पुटपुटले. "तो तर किती वर्सां डंपाखाली."

"कोण बाबली?" प्रज्योतने विचारलं. "बाबा, कोण बाबली?"

ते आमच्याकडे पाहतच नव्हते, त्यांची नजर माझ्या मागे प्रिंटरवर होती.

मी मागे वळले. प्रिंटरवर पुढचं कापड ताणलेलं होतं, अजून न कापलेलं. मधोमध एका जागी, खालून कोणी श्वास घेत असल्यासारखं, ते आत ओढलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा आत ओढलं जात होतं.