दहावा पॉइंट

बॅथर्स्ट स्ट्रीटवर एका बेकरीच्या डोक्यावर हायमकाकांची ट्रॅव्हल एजन्सी होती. वर यायला सतरा लाकडी पायऱ्या. आकडा मला पक्का माहीत होता, कारण माझं टेबल जिन्याच्या भिंतीला लागून होतं आणि १९७६च्या त्या हिवाळ्यात पायऱ्या मोजण्याहून महत्त्वाचं काम मला क्वचितच असायचं. गिऱ्हाईक बूट आपटत वर येऊ लागलं की मी सतरापर्यंत मोजायचो आणि मग चेहरा हसरा करायचो.

हायमकाका मूळचे अलिबागचे, बेने इस्राएल ज्यू. शनिवारी ऑफिस बंद, रविवारी उघडं. त्यांची खासियत म्हणजे पॅसिफिकवरून मुंबई: व्हँकुव्हर, टोकियो, मग बँकॉकला दोन रात्री, गाइडसकट शहरदर्शन. लंडनवरून जाणारी माणसं त्यांच्या मते वाया गेलेली होती. मी नंदन, वय तेवीस. बँकॉकदर्शनाचं पत्रक मराठीत लिहून सायक्लोस्टाइल करणं हे माझं काम. बँकॉक मी पाहिलं नव्हतं. टोरोंटोही फारसं पाहिलं नव्हतं.

पत्रकात नऊ ठिकाणं होती. राजवाडा, पाचूचा बुद्ध, पहुडलेला बुद्ध, पहाटेचं देऊळ, तरंगता बाजार आणि असंच पुढे. अडचण अशी, की मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी तो महाबळेश्वरलाच गेलेला असतो. त्याला पॉइंट लागतात, आणि ते दहा लागतात.

"नऊच?" पद्मजाताई म्हणाल्या. किचनर गावातल्या डॉक्टर राजन यांच्या त्या मिसेस. पत्रकावर बोट फिरवून त्यांनी दोनदा खात्री केली. "त्या दुसऱ्या एजन्सीवाल्याचे दहा आहेत हं, काका."

"दहावा टाइप व्हायचा राहिलाय," हायमकाका पापणीही न हलवता म्हणाले. "नंदन, आण रे आतून."

आतल्या खोलीत जाऊन मी सात मिनिटांत दहावा पॉइंट बांधला:

'१०. बावीस पायऱ्यांचं देऊळ. चढताना पायऱ्या एकवीस भरतात, उतरताना बावीस. कारण कोणालाही ठाऊक नाही. पायथ्याशी हिरवा नळ आहे, तो गळतो.'

नळ माझ्या भाड्याच्या बेसमेंटमधला होता. माझी प्रतिभा तेवढीच.

बँकॉकच्या गाइड कंपनीला जाणाऱ्या इंग्रजी कागदावर मात्र नऊच ठिकाणं राहिली. "कुणी विचारलं तर देऊळ बंद होतं म्हणू," हायमकाका म्हणाले. "देवळं काय, बंद असतातच."

आयुष्यात पहिल्यांदाच माझं काहीतरी छापलं गेलं होतं, म्हणून एक प्रत साताऱ्याला आईला पाठवली. तिचं उत्तर आलं: 'हळदीकुंकवाला सगळ्यांना वाचून दाखवलं. दहावा नंबर फार आवडला. तू तिथे जाऊन आलास का?'

जानेवारीत पद्मजाताई परत आल्या. सतरा पायऱ्या चढून, हातात लोणावळ्याची चिक्की.

"दहावा पॉइंट बेस्ट!" त्या म्हणाल्या. "बाकीची देवळं काय रे, एकासारखं एक. पण ते! मोजलं आम्ही. एकवीस वर, बावीस खाली. हे तर दोनदा चढले-उतरले."

आपली चेष्टा होत असेल तर चेहरा सरळ ठेवायचा, हा माझा नियम. मी ठेवला. मग त्यांनी पर्समधून एक फोटो काढला.

शेवाळलेला दगडी जिना. बाजूला छत्री घेतलेला म्हातारा. पायथ्याशी हिरवा नळ, तोंडाशी थेंब लटकलेला. आणि नळाला बांधलेली पांढरी चिंधी, दोन गाठी मारलेली. ती मी बांधली होती, ऑक्टोबरमध्ये, माझ्या बेसमेंटमध्ये. चिंधीबद्दल पत्रकात मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"हा म्हातारा कोण?"

"गाइडच ना! नववा पॉइंट झाला, तर हा बसपाशी उभा. पहिला गाइड कुठे गेला कोण जाणे. हा म्हणाला, लिस्टवर अजून एक आहे."

"कुठल्या भाषेत म्हणाला?"

पद्मजाताईंनी जरा विचार केला. "कळलं खरं आम्हाला," त्या म्हणाल्या, आणि चिक्की पुढे केली.

फोटो माझ्यापाशीच ठेवून त्या निघाल्या. सवयीने मी मोजत होतो. पंधरा, सोळा, सतरा.

आणि मग अजून एक.

तो बुटाचा आवाज नव्हता, लाकडाचाही नव्हता. ओल्या दगडावर अनवाणी पाऊल पडावं तसा. त्यानंतर रस्त्याचं दार वाजलं.

मी खाली जाऊन पाहिलं. जिना संपतो तिथे काँक्रीट, त्यावर रबराची चटई, चटईवर बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ आणि वितळलेला बर्फ. मी पाय आपटून पाहिला. बेकरीतली बाई काचेतून माझ्याकडे बघत होती. मी तिला हात केला.

फेब्रुवारीत विंडसरहून फोन आला. प्राध्यापक नंदकुमार. स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, जानेवारीत आमच्याच टूरने जाऊन आले होते.

"कम्प्लेंट नाही, क्वेरी आहे," ते म्हणाले. "जिना उतरताना कसं, कधीकधी वाटतं अजून एक पायरी आहे, आणि पाय फुकट हवेत जातो?"

"हो, होतं तसं."

"माझा टेकतो."

मी पेन्सिल उचलली.

"घर स्प्लिट-लेव्हल आहे, अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं. दिवसातून वीसेकदा जिना उतरतो. दर वेळी एक जादा. चढताना जादा नसते, हे नोंदवून ठेव. कालपर्यंत सहाशे अकरा झाल्या. आमची शीला म्हणते, तुम्ही समोरच तर आहात, जेवायला बसा. बसतो. प्रश्न एवढाच आहे नंदन, की मी आता नक्की आहे कुठे?"

त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता.

"सर, तुम्ही बेसमेंटमधून बोलताय का?"

"नाही रे. सगळ्यात वरच्या बेडरूममधून."

एरवी यावर मी महिनाभर हसलो असतो. पण टेबलाच्या खणात आईचं तिकीट होतं. चार वर्षांनी ती मला भेटायला येणार होती, एप्रिलमध्ये. "माझ्या ऑफिसातल्या पोराची आई लंडनवरून येणार?" असं म्हणून हायमकाकांनी ते हौसेने पॅसिफिकवरून काढलं होतं. बँकॉकला दोन रात्री, गाइडसकट.

मी बँकॉकला तार केली. उत्तर आलं: आमची टूर नऊ ठिकाणांची. छत्रीवाला कोणी नोकरीत नाही.

हायमकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"काढून टाक तो पॉइंट."

"काका, काढला तर आत्ता जे त्या जिन्यावर आहेत त्यांचं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही स्वतःकडे जरा तसंच बघत होतो. पण वाक्य खोडता येईना.

"मग दुरुस्त कर," ते हळूच म्हणाले. "बांधलंयस तू. डागडुजी कोण करणार?"

नवीन स्टेन्सिल कापली: '१०. एकवीस पायऱ्यांचं देऊळ. चढताना एकवीस, उतरताना एकवीस. बाविसावी पायरी कायमची बंद आहे.' पहिली प्रत आईला पोस्टाने, सोबत चिठ्ठी: जुना कागद फाडून टाक. दुसरी प्रत ब्रॅम्पटनच्या उल्काला, ती त्याच आठवड्यात निघत होती.

मार्चअखेर उल्का परत आली. सतरा पायऱ्या वर.

"तुमच्या दहाव्या पॉइंटला रिपेअर चालू होतं," ती जरा घुश्श्यातच म्हणाली. "खालच्या पायरीवर फळी ठोकलेली. तो म्हातारा म्हणतो, तुमच्या ऑफिसातून करेक्शन आलंय."

करेक्शन फक्त मराठीत होतं. दोनच प्रती. पण मी ते विचारात घ्यायचं नाही असं ठरवलं. ती उतरताना मी भिंतीला कान लावला. पंधरा, सोळा, सतरा. दार.

मी खाली जाऊन बेकरीतले दोन केक उभ्याउभ्या खाल्ले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आई आली. विमानतळावरून मी तिला सरळ ऑफिसला घेऊन गेलो, कारण हायमकाका चहा करून थांबले होते. नऊवारीवर माझा जुना पार्का कोट, पायात कॅनव्हासचे बूट. सतरा पायऱ्या ती न थांबता चढली.

"हाच का रे तुझा जिना? चांगला दणकट आहे."

चहा झाला. लाडू निघाले. हायमकाकांनी व्हँकुव्हरचा डोंगर दिसला का ते विचारलं. मग ती आपणहून म्हणाली, "तुझं देऊळ पाहिलं हो."

"एकवीस पायऱ्या," मी म्हणालो.

"वर एकवीस. उतरताना एकविसावीवर आले, तर त्या छत्रीवाल्याने छत्री आडवी धरली. म्हणाला, फिनिश, मॅडम. खाली फळी मारलेली. म्हटलं, फिनिश कसलं?"

हायमकाकांनी कप खाली ठेवला.

"पर्समधून तुझा कागद काढला."

"कुठला कागद? नवा?"

"नवा कशाला? पहिला. तू फाडायला सांगितलंस, पण असं कसं फाडू? तुझं पहिलं छापलेलं." तिने पर्स उघडून दाखवला. घडीवर विरलेला, हळदीचं बोट लागलेला. "त्याला म्हटलं, हे माझ्या मुलाने लिहिलंय. बावीस म्हणजे बावीस."

"आई, त्याला मराठी कुठे येतं?"

"ते मला काय माहीत! पण वाचलं त्याने. एकेका शब्दाखाली बोट ठेवून. मग नमस्कार केला मला, आणि फळी बाजूला केली." ती हसली. "काय थंडगार दगड होता रे."

खालून पावाचा वास येत होता.

"आई," मी म्हणालो, "खाली मी तुला उचलून नेतो."

"लाज वाटत नाही? मी काय म्हातारी झाले?"

"जिना निसरडा आहे."

"मग हात धर."

मी हात धरला. हायमकाका वरच्या दारात उभे राहिले.

आम्ही उतरू लागलो. एक पायरी ती, एक पायरी मी, बरोबरीने. तिचा हात कोमट होता, बांगड्या माझ्या मनगटाला लागत होत्या.

चौदा.

पंधरा. बेकरीतल्या बाईने काचेतून हात केला.

सोळा.

सतरा. पायाखाली रबराची चटई, कुरकुरणारं मीठ. मी थांबलो. दोघं शेजारी उभे होतो, तिचा खांदा माझ्या खांद्याशी.

"पोचलो," मी म्हणालो.

"थांब रे, एक राहिली," आई म्हणाली, आणि माझ्या मुठीतला तिचा हात एक वीत खाली गेला.