मेथीचा लाडू आणि वेर्दीक्यो

पहिला घोट घशाखाली उतरला आणि थोड्याच वेळात अनिमेष कोलंबीच्या ताटावर कोसळला.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातलं त्याचं दुकान आजच उघडलं होतं. नुसत्या इटालियन व्हाइट वाइनचं. आयंडहोव्हनमधली चिप-कंपनीतली चांगली नोकरी सोडून त्याने हा उपद्व्याप मांडला होता. वेर्दीक्यो नावाच्या वाइनबरोबर तळलेली कोलंबी, शिंपले, कोथिंबीर वडी. पाहुणे खूश, आणि यजमान लालभडक होऊन फरशीवर ओकतोय.

त्याच्या बायकोने, मंजूषाने, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "किती वेळा सांगितलं, दारू सोसत नाही याला."

"शेवटी कडू बदामासारखं लागलं मला," अनिमेषचा मित्र हेमचंद्र कुजबुजला. "विष तर नसेल?"

"या वाइनची चवच तशी असते म्हणाला ना तो? त्याच बाटलीतली मीही प्यायले. कोलंबीही तीच खाल्ली," शामलामावशी म्हणाली.

शामलामावशी अनिमेषची सख्खी मावशी. पुण्याच्या क्राइम ब्रँचमधून निवृत्त झालेली. भाच्याचं कौतुक बघायला एवढ्या लांब आली, आणि बघायला मिळालं हे. तिचं डोकं सणकलं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाने त्याला घरी सोडलं. अ‍ॅलर्जी असेल, म्हणाले. अनिमेष पार खचला होता.

"ज्याला घोट पचत नाही त्याने वाइन काय विकायची, मावशी? उद्या दुकानाची किल्ली परत देतो. जुन्या नोकरीवर घेतायत मला."

"आधी पचत होती?"

"कितीतरी वर्षं. दुकान ठरलं आणि हे मागे लागलं. वाइनमध्ये शिजवलेले शिंपले खाल्ले तरी तेच. हल्ली दाढीनंतर लोशन लावलं तरी गाल पेटतात."

"मध्ये कधी बरा होतास?"

"महिनाभर इटलीत होतो तेव्हा. शेवटी शेवटी काहीच झालं नाही. मला वाटलं, तिथली हवा."

"सकाळी काय खातोस?"

"मेथीचा लाडू. मंजूषा खास माझ्यासाठी करते."

मावशीने हेमचंद्रला फोन लावला. "अनिमेषचा लाडू कधी खाल्लायस?"

"एकदा. दुकानात फळ्या ठोकायला गेलो होतो तेव्हा. कडूजहर. संध्याकाळी बिअर घेतली आणि मरता मरता वाचलो."

त्याच संध्याकाळी मावशीने हेमचंद्रला बोलावून घेतलं. कोलंबी तळली, वेर्दीक्यो उघडली आणि लाडवांचा डबा टेबलावर मधोमध ठेवला.

मंजूषाने ग्लास आरामात रिकामा केला.

"आता लाडू घे."

"मला मेथी चालत नाही, मावशी."

"दुपारी मेथीची भाजी दोनदा वाढून घेतलीस."

मंजूषाने डबा हळूच दूर सारला.

"आपण विष बाटलीत शोधत बसलो," मावशी म्हणाली. "वाइन सगळ्यांनी प्यायली, कोलंबी सगळ्यांनी खाल्ली. लाडू एकट्या अनिमेषने. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतींवर जाहिरात असते. दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत. ती पूड पोटात असली की थेंबभर दारू अंगावर उलटते. शिंपल्यांतली, लोशनमधलीसुद्धा. पुडीची चव लपवायला मेथी. इटलीत लाडू नव्हते, म्हणून हा बरा झाला. अशा पुडीने गेलेली माणसं मी पाहिलीत, मंजूषा."

"मी काय दारुडा होतो?" अनिमेषने विचारलं.

"दारुडा असतास तर लोकांनी माझी कीव तरी केली असती," मंजूषा शांतपणे म्हणाली. "अख्ख्या कोथरूडला सांगितलंय, नवरा चिप-कंपनीत आहे. दारूवाल्याची बायको व्हायला नाही आले मी इथे."

"मेलो असतो मी."

"मेला नाहीस ना? नोकरीवर जा, लाडू बंद."

"दर वेळी माझं डोकं मांडीवर घ्यायचीस."

"मग कोण घेणार? बायको आहे तुझी."

परत द्यायला काढून ठेवलेली दुकानाची किल्ली अनिमेषने पुन्हा खिशात टाकली. एक लाडू उचलून तिच्या ताटात ठेवला आणि तिचा ग्लास काठोकाठ भरला.

"खा. वर हा घोट घे. डोकं मी धरतो."

मंजूषाने मावशीकडे पाहिलं. मावशी पोलिसांना फोन लावत होती. पुराव्याचा तो लाडू मंजूषाच्या ताटातून उचलायची मावशीने मुळीच घाई केली नाही.