पाच घरांचं पिस्तूल

आचऱ्याच्या बाजारात पायस मेस्त्रीचं दुकान होतं. स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, शिवणयंत्रं आणि वर्षातून चार-पाचदा कुणाची तरी बंदूक, असा सगळा पसारा त्या आठ हात जागेत. माणूस फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून आलेला, त्यामुळे हाताला शिस्त आणि जिभेला धार. भुताखेताची गोष्ट कुणी काढली की म्हणायचा, "भूत हाडून दी माका, ताचे स्क्रू ढिले करून देतंय."

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर गुरुदास त्याच्याकडे एक पुडकं घेऊन आला. गुरुदास म्हणजे शाळेपासूनचा सोबती, खाडीकाठच्या माडांचा मालक, गावभर हसत फिरणारा गडी. पुडक्यात त्याच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर होतं. आजोबा गलबतावर तांडेल. कुठल्या बंदरात घेतलं देव जाणे. तळहातात मावणारं, मधून मोडून उघडणारं, आत पाच गोळ्यांची पाच घरं. परवाना नुकताच गुरुदासच्या नावावर झाला होता.

"वानर एक नारळ ठेवणत नाय रे. हेका खंयचा काडतूस चलात ता सांग."

"ह्या पिस्तुलान वानराक हसूक येतला," पायस म्हणाला, पण हात पुसून त्याने ते उचललं. "चार दिवस ठेव हंयसर."

जुन्या लहान हत्याराची मेख अशी, की ते काळ्या दारूसाठी घडवलेलं असतं. आताच्या काडतुसात बिनधुराची दारू, तिचा धक्का मोठा. त्यात आखूड काडतुसाच्या घरात कधी कधी लांब काडतूसही खुशाल बसतं, आणि बसलं म्हणजे चाललं असं समजणारा बोटं गमावून बसतो. झाशीला असताना पायसने घाईत पास केलेल्या एका रिव्हॉल्व्हरने कोवळ्या शिपायाचा पंजा नेला होता. तो पंजा त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. आणि हे हत्यार तर गुरुदासच्या हातात जायचं होतं.

घरामागे त्याने रिव्हॉल्व्हर फणसाच्या ठोकळ्यात आवळलं, चापाला सुतळी बांधली आणि स्वतः दगडी गडग्याआड बसला. समोर आंब्याच्या इंचभर जाडीच्या बारा फळ्या, एकामागे एक. सुरुवात नेहमी कमीपासून करायची, म्हणून आखूड काडतुसातली अर्धी दारू काढून टाकली. गोळी एका फळीत अडकायला हवी होती. ती पाच फळ्या पार करून गेली.

पायसने भुवया चढवल्या. पाव दारू ठेवली. आठ फळ्या.

मग दारू अजिबातच नाही, नुसती ठिणगी पाडणारी बुडाची टोपी. बाराही फळ्यांना भोक पडलं आणि मागच्या गडग्याचा चिरा फुटला. हट्टाला पेटून त्याने पूर्ण भरलेलं आखूड काडतूस घातलं. गोळी पहिल्याच फळीत नखभर रुतली. शेवटी, जे या नळीला कधी दाखवूही नये असं लांब, जबर काडतूस घातलं आणि विहिरीमागे जाऊन सुतळी ओढली. गोळी फळीपर्यंत पोचली, आणि पिकल्या सुपारीसारखी टपकन खाली पडली.

रिकामं घर चालवून बघायचं तेवढं राहिलं होतं. सुतळी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने ती सोडून दिली.

चौथ्या दिवशी गुरुदासला त्याने पाच लांब काडतुसं भरून हत्यार परत दिलं.

"पण लांब काडतूस वायट, असा तूच म्हणा होतंस मा?"

"माका शिकव नको. हीच चलतत. आणि आयक, ह्या सदा भरलेला ठेव. कधी म्हणजे कधी रिकामा करू नको."

"ता कित्या?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण भुतांचे स्क्रू ढिले करणाऱ्या पायस मेस्त्रीने कुठल्या तोंडाने सांगायचं? लाज वाटली त्याला. "स्प्रिंग गंजता," तो म्हणाला, आणि गुरुदासने मान डोलावली.

मार्गशीर्षात देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली. दर काही वर्षांनी आचरं असं ओस पडतं. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपींत राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा मागे ठेवायची नाहीत. आत फक्त देव, आणि देवाबरोबर जे कोण असेल ते. पायससारख्या किरिस्तावांची घरंही निघतात. पायस थट्टा करायचा, पण निघायचा.

वेशीबाहेर गुरुदासची आणि त्याची खोप शेजारी-शेजारी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुदासने पानाची चंची उघडली आणि सुपारीबरोबर पाच काडतुसं चटईवर घरंगळली.

पायसने त्यातलं एक उचललं. "ही हंय कशी?"

"अरे, आमच्या घरची रीत ती. पळणीक जाताना चुलीत निखारो ठेवचो नाय, समयेत वात ठेवची नाय. दारू म्हणजे आगच मा? काढून हाडलंय. पिस्तूल कोनाड्यात आसा, रिकामा. तीन दिसांत काय तुझी स्प्रिंग गंजत नाय."

"परवा घरात पयलो कोण शिरतलो?"

"मी. आणखी कोण?"

पायसने काडतुसं मुठीत घेतली. "आलंय," एवढंच म्हणाला आणि आडोशाला जावं तसा उठून गेला. वेस त्याने भर दुपारी ओलांडली.

बाजार रिकामा होता. एक कावळा नाही, एक माशी नाही. समुद्राची गाज रोज कानात असते म्हणून ऐकू येत नाही. आज ती खरोखरच नव्हती. अंगणाअंगणात सडा वाळून पांढरा पडला होता. गुरुदासच्या घराचं कुलूप पायसनेच एकदा दुरुस्त केलेलं, ते तारेने उघडलं.

रिव्हॉल्व्हर कोनाड्यात होतं, नळीचं तोंड दाराकडे.

बाजूने जाऊन त्याने ते उचललं. मोडून उघडलं. पाचही घरं रिकामी. एक काडतूस आत सरकवलं. अर्धं गेलं आणि थांबलं.

दुसऱ्या घरात घातलं. तेही तसंच. गंज नव्हता, कचरा नव्हता. पलीकडून कुणीतरी तळहात लावून धरावा तसा मऊ विरोध होता, आणि त्याने जोर केला की तिकडूनही जोर यायचा. काडतुसं एकेक करून जमिनीवर पडली. "जेजू," तो पुटपुटला, कितीतरी वर्षांनी.

"पायस!"

दारात गुरुदास उभा होता, धापा टाकत, हसत. "माका ठावक होता तू हंयच येतलंस. म्हटला, एकटो गेलंस तर देवाचो सगळो कोप तुझ्यार. दोघे गेले तर अर्धो अर्धो."

"दारातसून बाजूक हो!"

"कित्या? रिकामा तर आसा."

हातातलं रिव्हॉल्व्हर आपणहून मिटलं. पायसने दोन्ही हातांनी नळी खाली दाबली. ती दबली नाही.

अंगठ्याखाली घोडा हळूहळू वर चढला.

पडला.

आवाज एवढाच, टिक्. धूर नाही, वास नाही.

"बघ," गुरुदास म्हणाला. "उगाच भियतंस."

पायसने त्याच्याकडे बघितलं. सदऱ्याला खिशाच्या वर एक वाटोळं भोक होतं, करंगळीएवढं. रक्ताचा थेंब नव्हता. उंदराने कुरतडलं असेल, पायसने स्वतःला बजावलं. जुनं असेल. त्याने जमिनीवरची काडतुसं गोळा केली, आणि ती पाचही घरांत अलगद जाऊन बसली.

परतताना गुरुदास पुढे आणि तो मागे. गुरुदास सारखं बोलत होता. वानर, माड, परवाचं जेवण. पायसने नजर त्याच्या टाचांवरून वर उचलली नाही. वेशीपर्यंत नाही, खोपीपर्यंतही नाही. मित्राच्या पाठीकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

गुरुदासच्या बायकोने, विमलाने, दोघांना पेज वाढली. गुरुदास घटाघटा प्यायला आणि वाडगा पुढे करून म्हणाला, "आणखी घाल गो, घसो सुकलो."

त्याच्या पाठीशी वाकलेली विमला थांबली. "सदरो खंय फाडलात ओ?" म्हणत तिने सहज पाठीवरच्या भोकात बोट घातलं, किती फाटलंय ते बघायला.

बोट मुळापर्यंत आत गेलं.

गुरुदासला कळलं नाही. तो वाडगा धरून बसला होता. विमलाने बोट बाहेर काढलं, उन्हात धरून बघितलं. ते कोरडं होतं. तिने ते लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं आणि पेज वाढायला पळी हातात घेतली.