भागीनं बांधलेला दोरा

साहेब, विकासला तुम्ही मारलंत असं मी म्हणत नाही. पण तो दारूनं मेला, ही थाप तुमच्या सहीनं खरी झाली.

कुंभिवलीच्या सर्व्हिस रोडला तो पालथा सापडला. चौकटीचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या, अंगाला दारूचा भपका. हवालदार सोनालीनं वरची गुंडी काढली. गळ्यात पांढरट दोरा होता.

वाडीवर शर्ट बघताच त्याच्या आईनं, भागीनं मान हलवली. हा त्याचा नाय. दोऱ्याचं विचारलं, तर म्हणाली, "काळा दोरा हाय त्यो, बाय. मीच बांधला. आईनं बांधलेल्याला आमच्या वाडीत दुसरा कोण हात लावीत नाय."

विकासच्या धाकट्या भावाला, धाऊला, त्याच्या जागी कारखान्यात कामावर बोलावणं आलं होतं. घरात दुसरी कमाई नव्हती.

साजगावच्या त्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात. कॉस्टिक सोडा मिळतो, क्लोरीन हा विषारी वायूही सुटतो. तो वायू पंखा बाहेर ओढून नेतो. सोनाली तिथं गेली, तेव्हा मागच्या तारेवर कामगाराची एक निळी वर्दी वाळत होती, जागोजागी पांढरी पडलेली.

"हिला काय झालं?" सोनालीनं विचारलं.

"ब्लीच सांडलं असेल," शिफ्ट इनचार्ज मनोज म्हणाला.

"विकास कामावर आला होता?"

"नाही."

"मेल्यावर बघितलंत त्याला?"

"मी कशाला जातोय?"

"अंगावरचा शर्ट त्याचा नव्हता."

"चौकटीचे शर्ट काय, खोपोलीत ढिगानं मिळतात."

"चौकटीचा होता, हे मी बोललेच नाही."

मग सगळं सोनालीनंच सांगितलं. पंखा बंद पडला, तेव्हाच वीज तोडायला हवी होती. पण सगळं पुन्हा चालू करण्यात अख्खी पाळी वाया जाते. म्हणून मनोजनं वीज चालूच ठेवली आणि विकासला पंखा बघायला मास्कशिवाय आत धाडलं. क्लोरीननं त्याचा जीव घेतला. घामानं भिजलेल्या वर्दीचा रंग उडाला, दोऱ्याचाही उडाला. वर्दी उतरवून दुसरा शर्ट चढवला, वर दारू ओतली. पण उचलणारे वाडीचेच होते. त्यांनी दोरा तेवढा राहू दिला.

"लिहा की मॅडम," मनोज म्हणाला. "वाचणार कोण?"

तिनं लिहिलं. तुम्ही वाचलंत, साहेब, आणि फाईल बंद केलीत. जप्त केलेला दोरा आता सापडत नाही म्हणे. मनोज त्याच खुर्चीत आहे, पंखा तसाच आहे, आणि आत आज धाऊ आहे. भागी गेटबाहेर बसून आहे.

काळा दोरा दारूनं पांढरा होतो का, साहेब? धाऊची पाळी सुटायच्या आत उत्तर द्या.